नाताळच्या सुट्टीत पोपटी कशी लावावी: घरातल्या प्रत्येकाच्या हाताला काम देणारी संध्याकाळ

नाताळच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न डिसेंबर लागला की घरोघरी निघतो. माझं मत विचाराल, तर मुलांना कुठे नेण्यापेक्षा त्यांच्या हातात खरं काम द्यावं. हिवाळ्यात त्यासाठी पोपटीसारखं दुसरं निमित्त नाही. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा पाल्यासकट मातीच्या मडक्यात गच्च भरायच्या आणि मडक्याभोवती जाळ करून शिजवायच्या. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या रायगडच्या पट्ट्यात भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर संध्याकाळी मडकी लागतात. खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा, पण डिसेंबरअखेर बाजारात आगाप शेंगा दिसू लागतात. तेवढ्या आपल्याला पुरतात.

सकाळची तयारी

आठ-दहा माणसांसाठी दोन किलो वालाच्या शेंगा, दहा-बारा छोटे बटाटे, अर्धा किलो रताळी, तेवढेच छोटे कांदे आणि डझनभर अंडी घ्या. सोबत जाडं मीठ आणि मूठभर ओवा. सामिष हवं असेल तर किलोभर चिकनचे छोटे तुकडे करून त्यांना आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ आणि लिंबू चोळून दोन तास मुरू द्या.

मडकं आठ-दहा लिटरचं, मातीचं आणि बिनरंगाचं हवं. रंग किंवा वॉर्निश लावलेलं शोभेचं मडकं चालणार नाही. बोटाने वाजवून पाहा. आवाज खणखणीत आला तर घ्या, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे.

सगळ्यात महत्त्वाचा तो भांबुर्डीचा पाला. कुणी त्याला भांबुर्डा म्हणतात. या दिवसांत तो कापणी झालेल्या शेतात आणि बांधावर आपोआप उगवतो. पान बोटांत चुरडलं की ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास येतो. पोपटीत पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगा शिजतात त्या स्वतःच्या आणि या पाल्याच्या वाफेवर, आणि पोपटीची चव म्हणजे मुळात या पाल्याचा वास. मुलांना घेऊन तो तोडायला जा, पण ओळखणारं माणूस सोबत असू द्या. गावातल्या कोणत्याही आजी तो लांबून दाखवतील. भांबुर्डी मिळालीच नाही तर केळीची पानं वापरा. चव थोडी उणी पडेल, पण अनोळखी झाडाचा पाला अन्नात घालायचा नाही.

कामं वाटताना वय बघा. चार-पाच वर्षांच्या मुलांना शेंगा निवडायला बसवा. किडकी शेंग ओळखण्यात ती मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. आठ-दहा वर्षांची मुलं काटक्या, पेंढा आणि गोवऱ्या जमवतील. मडकं भरायचं काम मोठ्या मुलांचं. मिठाचा हात मात्र आजीचाच असू द्या.

मडकं भरताना

शेंगा सोलायच्या नाहीत, अख्ख्याच धुवून निथळून घ्यायच्या. अंडीही कवचासकट धुवून पुसून ठेवा. मडक्याच्या तळाशी चार बोटं जाड पाल्याचा थर दाबून बसवा. त्यावर शेंगांचा थर, वर जाडं मीठ आणि चिमूटभर ओवा. मग बटाटे, रताळी, कांदे, पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा. अंडी मधोमध, चारी बाजूंनी शेंगांच्या गादीत बसवायची. कडेला लागली तर आचेने फुटतात. चिकन केळीच्या पानांत गुंडाळून, दोऱ्याने बांधून तेही मध्यावरच. शेवटी तोंडाशी उरलेला पाला इतका गच्च कोंबा की मडकं उपडं केलं तरी आतलं काही हलणार नाही. ही दाबण्याची कसरत मुलांना फार आवडते.

आग लावण्याआधी

जागा मोकळी, गवत नसलेली आणि झाडांपासून लांब हवी. जवळ पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असू द्या. मुलांचे कपडे सुती, ओढण्या बांधलेल्या. शेत दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा. इमारतीच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत हा उद्योग करू नका.

तीन विटांवर मडकं उपडं ठेवा. भोवती आधी पेंढा आणि काटक्या, मग गोवऱ्या आणि लाकडं अशी रचा की मडकं दिसेनासं होईल. काडी मोठ्या माणसानेच ओढायची, वाऱ्याकडे पाठ करून. नुसत्या शेंगांना अर्धा तास पुरतो, चिकन असेल तर पाऊण तास धरा. जाळ सगळीकडून सारखा राहील एवढंच बघायचं, सारखं ढोसायचं नाही.

शिजेपर्यंतचा वेळ

या अर्ध्या-पाऊण तासात मोबाइल खिशात राहिले, तर एक मोठा ठेवा हाती लागतो. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आठ वाजता पोपटी आचेवर असेल अशी वेळ साधा आणि सगळ्यांना जाळाकडे पाठ करून पूर्वेकडे तोंड करायला सांगा. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागतात.

जवळजवळ एकावर एक उभे असलेले तीन सारखे तारे दिसतील. तो मृग नक्षत्रातल्या हरणाच्या पोटात घुसलेला बाण. त्याच्या डावीकडे काक्षी नावाचा तांबूस तारा, उजवीकडे राजन्य नावाचा निळसर पांढरा. दोघांच्या रंगातला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो, मुलांनाच विचारा. बाणाची रेघ खाली उजवीकडे वाढवली की क्षितिजाजवळ लखलखणारा व्याध, ज्याने तो बाण मारला. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. रेघ वर नेली की तांबूस रोहिणी आणि आणखी वर कृत्तिकांचा छोटा पुंजका. त्यात किती तारे दिसतात ते प्रत्येकाने मोजायचं. बहुतेकांना सहा दिसतात, एखाद्या पोराला जास्त दिसतात, आणि मग जो वाद रंगतो तो रंगू द्या.

मडकं उघडताना

शिजलं की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र आवाज होऊन ते क्षणात उडाले, तर पोपटी झाली. निखारे बाजूला सारून जाड ओल्या गोणपाटाने मडकं उचला आणि पाच मिनिटं निवू द्या. पाला ओढून काढताना वाफेचा लोट एकदम येतो, तेव्हा तोंड लांब ठेवा आणि मुलांना दोन पावलं मागे उभं करा. मग सगळं केळीच्या पानांवर ओता. चिकनचा एक तुकडा मोडून बघा. आत गुलाबी असेल तर घरी कढईत परतून घ्या, तसंच खाऊ नका.

ताट-वाट्यांची गरज नाही. शेंग दातात धरून ओढायची, सालीवरचं मीठ आणि ओव्याचा वास आधी जिभेला लागतो, मग दाणे. काजळलेल्या बोटांनी अंडं सोलताना कोणाला हात धुवायची आठवण करून देऊ नका.

देशावर राहत असाल तर याच दिवसांत हुरडा असतो. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची आणि लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर गरम गरम खायची. कामांची वाटणी आणि आकाश दोन्हीकडे तेच.

निघण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने उलथून पुन्हा ओता. राख गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही. मडकं तडकलं नसेल तर पुढच्या वेळी वापरता येतं. शेंगा उरल्याच तर दाणे काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्यावर परता, भाकरीबरोबर उत्तम लागतात.