बाइदीचंगचे डोंगरावरील मंदिर कसे पाहावे : ठाणे-नवी मुंबईच्या प्रवाशांसाठी

चीनमधील यांगत्से नदीच्या छुथांग घळईच्या तोंडाशी असलेले बाइदीचंग पाहण्यासाठी क्रूझच्या धावत्या थांब्यावर विसंबू नये, तर फंगजिए या गावी एक रात्र मुक्काम करावा, असे माझे ठाम मत आहे. चोंगछिंग या महानगरातून फंगजिएपर्यंत हायस्पीड रेल्वे २०२२ पासून सुरू असल्याने हे आता सहज जमते. व्हिसा अर्थातच निघण्यापूर्वी काढावा लागतो, आणि रेल्वेचे तिकीट पासपोर्टवरच मिळते.

दिवाळीची सुट्टी यासाठी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये चोंगछिंग परिसरात पारा चाळिशी गाठतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय सुट्टीमुळे सर्वत्र गर्दी उसळते. शिवाय यांगत्सेवरील थ्री गॉर्जेस धरणाची पातळी पावसाळ्यात पुराला जागा ठेवण्यासाठी सुमारे १४५ मीटरपर्यंत उतरवतात आणि पुढे दिवाळीच्या सुमारास १७५ मीटरपर्यंत भरू देतात. याच जलाशयामुळे हा डोंगर बेट झाला असून, तेथे पुलावरून चालत जावे लागते. त्यानंतर पायऱ्यांची चढण आहे. गुडघ्यांची खात्री नसेल, तर निघण्याआधी काही रविवार मुंब्रादेवीचा डोंगर चढून सराव करावा.

वर जाण्यापूर्वी इतिहास वाचून घ्यावा, कारण त्याविना ही मंदिरे केवळ सुबक इमारती वाटतील. इ.स. २५ च्या सुमारास गोंगसुन शू या सरदाराने स्वतःला ‘श्वेत सम्राट’ म्हणजे चिनीत ‘बाइदी’ म्हणवून घेतले. आजही स्थळाला त्याचेच नाव आहे, परंतु मिंग काळात त्याची मूर्ती हटवली गेली आणि मान शू-हान राज्याचा सम्राट ल्यू बेई याला मिळाला. युद्धात पराभूत झालेल्या ल्यू बेईने येथेच इ.स. २२३ मध्ये मृत्युशय्येवरून आपला मुलगा आणि राज्य मंत्री चुगे ल्यांगच्या हाती सोपवले. तो प्रसंग रंगीत पुतळ्यांतून मांडलेल्या दालनात घाई करू नये. शिलालेखांमध्ये बांबूच्या पानांचे चित्र शोधावे. ती पाने म्हणजे कवितेची अक्षरे आहेत.

मग ख्वेमनकडे, म्हणजे घळईच्या तोंडाशी असलेल्या कड्यांकडे तोंड करून उभे राहावे. दहा युआनच्या नोटेमागील चित्र याच कड्यांचे आहे, म्हणून एक नोट खिशात ठेवावी. एरवी पैसे मोबाइलनेच दिले जातात. त्यामुळे अलीपे या पैसे देण्याच्या ॲपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड घरीच जोडून घ्यावे. शाकाहारी मंडळींनी मात्र ‘मांस नको, चरबीही नको’ हे चिनी लिपीत लिहून जवळ ठेवावे, कारण तेथे भाजीही पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात.