संगणक घेऊन शिकवताना या चुका टाळा

पडदा उजळला की वर्ग गप्प होतो आणि तास रंगला असं वाटतं. त्या शांततेवर फारसा विश्वास ठेवू नका. पडदा चालू असताना मुलं स्वतः काय करत होती, एवढं आठवून बघा. विचार यंत्राने केला आणि मुलांनी तो नुसता पाहिला, असं दिसलं तर "दाखवलं होतं, तरी येत नाही" या तक्रारीचं कारण तिथेच सापडेल.

आधी साधन, मग धडा

नवं साधन हाती आलं की त्यात बसेल असा धडा शोधला जातो. ही हौस जुनी आहे. शाळांतली पुस्तकं लवकरच मोडीत निघतील, सगळं चलचित्रांतून शिकवता येईल, असं थॉमस एडिसन १९१३ साली म्हणाले होते. पुढे पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटण्याची मोठी योजना झाली. २०१२ साली तिचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं, तेव्हा संगणक भरपूर वाढल्याचं दिसलं, पण गणित आणि भाषेतली प्रगती वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा मुलं नेमकी कुठे अडखळतात ते आधी ठरवा. अडचण न दिसणाऱ्या गोष्टीची असेल, जसं पेशीविभाजन किंवा ग्रहांची गती, तर पडदा फार उपयोगी पडतो. पाढ्यांसाठी प्रोजेक्टर कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

स्लाइडवरचा मजकूर वाचून दाखवणं

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. मुलांचे डोळे आपल्या वेगाने वाचतात, शिक्षकाचा आवाज मागून येतो, आणि तेच शब्द दोन वाटांनी येऊन एकमेकांना अडवतात. शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि बोलणं एवढंच दिलेल्यांना, त्यावर तोच मजकूर छापून दिलेल्यांपेक्षा विषय चांगला समजला. म्हणून पडद्यावर आकृती ठेवा आणि स्पष्टीकरण तोंडी द्या. नवी संज्ञा तेवढी लिहा. वर्गात कमी ऐकू येणारी किंवा शिकवण्याची भाषा नवी असलेली मुलं असतील, तर मात्र मजकूर हवाच. तिथे हा नियम ताणू नये. चर्चा सुरू झाली की पडदा बंद करा. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना 'बी' ही कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की स्लाइड परत येते.

व्हिडिओ लावून बाजूला होणं

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नव्हते. ते व्हिडिओ बंद करून निघून जाऊ शकत होते. वर्गातल्या मुलाला तेवढी मोकळीक नसते, म्हणून ते बाकावर बसूनच निघून जातं.

उपाय सोपा आहे, मध्येच थांबवा. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. हात सुटण्याच्या क्षणाआधी व्हिडिओ थांबवा आणि आधी काय पडेल, का पडेल, हे प्रत्येकाला वहीत लिहायला लावा. मग पुढे चालवा. अंदाज चुकलेलं मूल पुढचं स्पष्टीकरण कान देऊन ऐकतं.

क्विझची शर्यत

घड्याळ, गुण आणि क्रमवारी लावली की तीच चार मुलं वर राहतात आणि उरलेली अंदाजाने बटणं दाबतात. वेळमर्यादा आणि क्रमवारी बंद करा. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी रुजवलेली पद्धत जास्त कामाची आहे. एक प्रश्न द्या, प्रत्येकाचं उत्तर घ्या, मग शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि पुन्हा उत्तर घ्या. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा चर्चेला खरा रंग चढतो. यंत्र नसेल तर बोटं वर करूनही हे जमतं.

चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांमधून घ्या. १/२ + १/३ या बेरजेला २/५ हा पर्याय ठेवलात, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुलं लगेच कळतात. एक तांत्रिक खोच मात्र लक्षात ठेवा. मुलाने देवनागरी अंकात उत्तर टाइप केलं आणि तुम्ही उत्तरसूचीत इंग्रजी अंक भरला असेल, तर बरोबर उत्तरही चूक ठरू शकतं. दोन्ही रूपं भरून ठेवा.

संगणक कक्षात चूक पटकन दुरुस्त करणं

लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा १९६७ साली तयार झाली. पडद्यावरच्या कासवाला आज्ञा द्यायच्या आणि आकृती काढायची. चौरस लगेच जमतो: पुढे जा, ९० अंश वळ, असं चार वेळा. मग समभुज त्रिकोण सांगा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून बहुतेक मुलं ६० लिहितात आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी अर्धवट षटकोन उमटतो. याच वेळी शिक्षक "१२० लिही" म्हणून मोकळे होतात आणि हाती आलेला धडा घालवतात. मुलाला जमिनीवर त्रिकोणाच्या कडेने चालायला लावा. कोपऱ्यावर आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो, हे त्याच्या पायांना कळतं.

एका संगणकावर दोघं असतील तर माउस धरणारा शिकतो आणि दुसरा भिंत बघतो. ज्याला कल्पना सुचली त्याने फक्त सांगायचं, टाइप दुसऱ्याने करायचं, आणि काही मिनिटांनी अदलाबदल करायची.

ऐन तासाला अडलं तर

विंडोजवर पडद्यावर चित्र येत नसेल तर विंडोजची कळ आणि 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. चित्र आहे पण आवाज नाही, तर बहुधा तो एचडीएमआय केबलमधून प्रोजेक्टरकडे गेलेला असतो. स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला. दुसऱ्या संगणकावर मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसली, तर फाइल युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. पुढच्या वेळी युनिकोडमध्ये टाइप करा किंवा पीडीएफ न्या. सगळ्यांनी एकदम व्हिडिओ उघडला की नेट अडकतं, तेव्हा एकाच पडद्यावर दाखवा. आणि मुलांना पाठवायची लिंक आदल्या दिवशी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे जिथे तुमचं खातं चालू नसतं तिथे, उघडून बघा. तुमच्या खात्यातून ती नेहमीच उघडते, परवानगी मागते ती मुलांकडे.