गावातील बंद पडलेल्या शाळांचा माग कसा काढावा

तालुक्याच्या गावांतील जुन्या मराठी शाळा पुष्कळदा भाड्याच्या वाड्यांत, देवळाच्या ओवऱ्यांत किंवा धर्मशाळेत भरत आणि जागा बदलत राहत. म्हणून शोधाची सुरुवात इमारतीपासून न करता शाळा कोणाच्या ताब्यात होती, या प्रश्नापासून करावी. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लोकल बोर्डांच्या, म्हणजे ग्रामीण भागातील तेव्हाच्या स्थानिक संस्थांच्या, शाळा त्यांच्याकडे आल्या. त्यामुळे दप्तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात किंवा नगरपालिकेत विचारावे; त्याआधीच्या काळासाठी मुंबई आणि पुणे येथील पुराभिलेखागारे, तर करवीर संस्थानासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार गाठावे.

माझ्या मते सर्वांत बोलके साधन म्हणजे आज चालू असलेल्या शेजारच्या शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची नोंदवही. त्यात विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘पूर्वीची शाळा’ असा रकाना असतो. एखादी शाळा बंद पडली की तिची मुले जवळच्या शाळेत दाखल होत, म्हणून एकाच महिन्यात एकाच शाळेतून आलेल्या मुलांच्या नोंदी ओळीने दिसल्या, तर ती शाळा केव्हा बंद झाली याचा अंदाज बांधता येतो. रजिस्टरात जात आणि जन्मतारीखही असते. ते मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीनेच पाहावे आणि व्यक्तींची माहिती प्रसिद्ध करू नये.

छायाचित्रे घराघरांतून मिळतात. पहिल्या रांगेतील मुलाच्या हातातील पाटीवर इयत्ता आणि साल लिहिलेले आहे का, पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का आहे का, हे भिंगाने पाहावे आणि फोटो चौकटीतून काढता येत असल्यास मागची बाजूही टिपून घ्यावी. मागील कमान, दरवाजा किंवा ओटा आजच्या वाड्याशी ताडून पाहावा. जागेची मालकी सिटी सर्व्हे कार्यालयातील मिळकत पत्रिकेवर सापडते. हे काम लांबणीवर टाकू नये, कारण वाडे झपाट्याने पडत आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये जेथे मुलींची शाळा सुरू केली, तो पुण्याचा भिडेवाडाही डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला.

माजी विद्यार्थ्यांना फोटो दाखवूनच बोलते करावे. सांगितलेले साल मात्र रजिस्टराशी जुळल्याखेरीज नक्की धरू नये. मूळ फोटो त्याच दिवशी परत करावा आणि स्कॅन केलेली प्रत, कोणाकडून मिळाली या नोंदीसह, गावच्या वाचनालयात जमा करावी.