कन्व्हेयर थांबलाय म्हणून हात घालू नका

भिवंडीसारख्या ठिकाणी गोदामात काम करणाऱ्यांसाठी. खोका अडकला आणि कन्व्हेयरचा, म्हणजे माल पुढे नेणारा, पट्टा थांबला की हात आपोआप पुढे जातो. तिथेच थांबा. बऱ्याच कन्व्हेयरवर सेन्सर असतात. पुढे माल साचला की ते पट्टा थांबवतात आणि जागा मोकळी झाली की पट्टा कोणी बटण न दाबताही पुन्हा सुरू होतो. म्हणजे तुम्ही खोका काढलात, तर तुमच्याच हाताने मशीन चालू होऊ शकते.

म्हणून आधी मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा. मग स्टार्ट बटण दाबून पट्टा खरंच हलत नाही ना, हे बघा. नुसतं लाल इमर्जन्सी बटण यासाठी पुरेसं नाही, कारण ते दुसरा कोणीही सोडवू शकतो. दोघं काम करत असतील तर कुलपंही दोन.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे पट्टा रोलरवर चढतो तो सांधा. सेकंदाला एक मीटर वेगाने चालणारा पट्टा अर्ध्या सेकंदात हात अर्धा मीटर आत ओढतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. तिथली जाळी काढलेली असेल तर काम सुरू करू नका, सुपरवायझरने कितीही घाई केली तरी. ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र, सैल बाही, मोकळे केस आवरून घ्या. आणि पट्ट्याशेजारची दोरी ओढल्यावर मशीन थांबते का, हे शिफ्टच्या सुरुवातीलाच तपासून घ्या.