नव्या कोरलसोबत येणारा ऐप्टेशिया: या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी नवा फ्रॅग, म्हणजे कोरलचा (प्रवाळाचा) कापलेला तुकडा, घरी आला की सगळ्यांचं लक्ष कोरलकडे जातं. ऐप्टेशिया हा उपद्रवी ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा समुद्री प्राणी) मात्र बहुतेक वेळा येतो खालच्या प्लगवरून, म्हणजे फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो त्या छोट्या बैठकीवरून. प्लगचा दांडा, त्याच्या तळाची खाच, जुन्या डिंकाच्या कडेची फट या त्याच्या लपायच्या जागा. ऐप्टेशियाचा दांडा लांब आणि बारीक, रंग पारदर्शक तपकिरी, स्पर्शक टोकदार. जरा धक्का लागला की क्षणात भोकात गडप होतो. मजानो हा दुसरा उपद्रवी ॲनिमोन त्याच्यापेक्षा बुटका असतो, त्याचे स्पर्शक आखूड व टोकाशी किंचित फुगीर असतात आणि रंगात बऱ्याचदा हिरवी झाक दिसते. दोघांतला फरक आधी ओळखा, कारण पुढचे काही उपाय फक्त ऐप्टेशियावर चालतात.

डिप केलं म्हणजे काम झालं, असं धरून चालणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. डिप म्हणजे नवं कोरल औषधी द्रावणात थोडा वेळ बुडवणं. आयोडीनचं किंवा तेलकट अर्काचं डिप चपटे कृमी आणि इतर बारीक किडे झटकून टाकायला उत्तम. पण डिपमध्ये ॲनिमोन आकसून भोकात बसतो आणि दहा मिनिटांनी टँकमध्ये पुन्हा फुलतो. डिप कराच, पण त्यावर विसंबू नका.

खरा उपाय म्हणजे प्लगच टाकून देणं. बोन कटरने कोरल प्लगपासून वेगळं करा. कडक सांगाड्याचं कोरल असेल तर बुडापासून काही मिलिमीटर वर कापा, म्हणजे जुना डिंक आणि त्याखालची फट दोन्ही मागे राहतात. कापलेला तुकडा टँकच्याच पाण्यात हलवून धुवा, भिंगातून सगळ्या बाजूंनी पाहा आणि जेल स्वरूपातल्या सायनोॲक्रिलेट डिंकाने कोऱ्या प्लगवर बसवा. झोअँथिड (बिनसांगाड्याचं, बटणासारखं दिसणारं कोरल) कापताना हातमोजे आणि चष्मा घालाच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असतं. त्याच कारणाने ॲनिमोन मारण्यासाठी झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नका. वाफेतून हे विष फुप्फुसांत जातं.

शक्य असेल तर नवा फ्रॅग चार ते सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. तिथे एक गोष्ट आवर्जून करा: अधूनमधून थोडं बारीक खाद्य द्या. उपाशी ॲनिमोन आकसून बसतो, खाद्य मिळालं की फुलतो आणि नजरेला पडतो.

खरवडणं, चिमटणं, ठेचणं

चिमट्याने उपटून काढावासा वाटतो, पण नेमकं तेच करायचं नसतं. ऐप्टेशियाच्या बुडाचा इवलासा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवा ॲनिमोन उगवतो. सरकतानाही तो असे तुकडे मागे सोडतो. एकाला ठेचलं की महिन्याभरात त्याच जागी चार-पाच दिसतात, ते यामुळेच. नुसता डिंक थापला तर तो कडेने वाट काढून बाहेर येतो. पूर्ण भोक बुजणार असेल तरच डिंक वापरा.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट घाईघाईने सोडणं

थोडे ॲनिमोन असतील तर सगळ्यांत भरवशाचा उपाय हाच, पण तो हलक्या हाताने करावा लागतो. चमचाभर भुकटीत थेंब थेंब आरओ पाणी घालून टूथपेस्टपेक्षा किंचित सैल पेस्ट करा. हातमोजे आणि चष्मा इथेही हवा, पेस्ट त्वचेला आणि डोळ्यांना भाजते. १ मि.ली.ची सिरिंज आणि बोथट सुई घ्या. सगळे पंप बंद करा आणि पाणी स्थिर होऊ द्या.

चुकतं ते इथे: सुई थेट ॲनिमोनला टोचली जाते, तो आत पळतो आणि पेस्ट बाहेरच राहते. सुई तोंडाच्या जरा वर धरा आणि पेस्ट अलगद सोडा, म्हणजे तो ती खाद्य समजून गिळतो. मग भोकाचं तोंडही पेस्टने झाका. पंप १० ते १५ मिनिटं बंदच ठेवा, नाहीतर पेस्ट उडून शेजारच्या कोरलवर बसते आणि ऊती जाळते. उरलेली पेस्ट सायफनने ओढून घ्या, मगच पंप सुरू करा.

एकाच दिवशी सगळे मारायचा हट्ट नको. १०० लिटर पाण्यात दिवसाला २ मि.ली.पेक्षा जास्त पेस्ट टाकू नका आणि आधी-नंतर पीएच मोजा; ०.२ ने वाढला तर त्या दिवशी थांबा. तीन-चार दिवसांनी तीच जागा पुन्हा तपासा. कोरलला चिकटून उगवलेल्या ॲनिमोनवर पेस्ट नकोच. फ्रॅग बाहेर काढून तो भाग कापा.

चुकीचा प्राणी आणणं

ऐप्टेशिया खाण्यासाठी आणायच्या पेपरमिंट कोळंबीच्या नावाखाली कधीकधी कॅमलबॅक कोळंबी माथी मारली जाते. पाठीला कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेषा-ठिपके असतील तर ती परत करा, ती कोरलचे पॉलिप खाते. पेपरमिंटच्या अंगावर बारीक लाल उभ्या रेषा असतात. तीही ऐप्टेशिया खाईलच याची हमी नाही आणि मोठ्या ॲनिमोनला बऱ्याचदा हात लावत नाही. त्याच कामासाठी आणला जाणारा कॉपरबँड बटरफ्लायफिश हा मासा छोट्या टँकसाठी नाहीच. अनेकदा तो खाद्यच घेत नाही आणि खंगून जातो.

प्रादुर्भाव पसरला असेल तर बर्घिया ही समुद्री गोगलगाय आणा. ती फक्त ऐप्टेशिया खाते, मजानोला शिवतही नाही. दिवे गेल्यावर पिपेटने ती ॲनिमोनजवळच्या फटीत सोडा आणि ओव्हरफ्लो (टँकमधलं पाणी बाहेर पडायची वाट) व पंपाच्या तोंडाला जाळी बांधा. रॅस मासे तिला मटकावतात, पेपरमिंट कोळंबीही तिच्यावर ताव मारू शकते. म्हणून हे दोन्ही उपाय एकत्र करू नका. परिणाम दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात. ऐप्टेशिया संपला की तिचं अन्नही संपतं, तेव्हा ती उपासमारीने मरण्याआधी ज्याच्या टँकला गरज आहे त्याला देऊन टाका.