बर्फावरच्या मासेमारीत सोलर पॅनल: पॅनल बाहेर, बॅटरी आत

गोठलेल्या तळ्यावर तंबू टाकून मासे धरणाऱ्यांची बॅटरी फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) आणि दिव्यावरच संपते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम ८४ वॉट-अवर वीज मावते. २० वॉटच्या पॅनलला तीन तास चांगलं ऊन मिळालं, तर ६० वॉट-अवरपर्यंत मिळू शकतात. प्रत्यक्षात थोडे कमीच धरा.

पॅनल छतावर आडवं टाकू नका. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून ते दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ उभंच ठेवा. त्यावर बर्फ साचत नाही, आणि समोरच्या बर्फावरून परावर्तित होणारा उजेडही मिळतो. थंडीचं पॅनलला वावडं नाही, उलट व्होल्टेज वाढतं. त्यामुळे चार्ज कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारं उपकरण) हवाच, आणि त्याची व्होल्टेजची मर्यादा थोडी ऐसपैस असलेली बरी.

खरी नाजूक बाब बॅटरीची. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की आतून कायमची बिघडते. वापरायला हरकत नाही, चार्जिंग मात्र नको! ती तंबूत, बर्फापासून उचलून, फोमच्या खोक्यात ठेवा आणि थोडी ऊब आल्यावरच जोडा. लेड-ॲसिड बॅटरी थंडीत चार्ज होते, पण पूर्ण उतरलेली असेल तर गोठून फुटू शकते.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. सोडवताना उलट क्रम. आणि तंबूची सावली पॅनलच्या कोपऱ्यावरसुद्धा पडू देऊ नका. तेवढ्यानंही वीज बरीच घटते.