टर्मिनलमध्ये पुश होतो, सोर्सट्रीमध्ये नाही: एसएसएच कीचा घोळ कसा सोडवायचा

टर्मिनलमधून पुश (कोड गिटहबसारख्या सर्व्हरवर पाठवणं) बिनबोभाट होतो, पण सोर्सट्री किंवा टॉर्टॉइजगिटसारखं गिटचं बटणांचं ॲप, म्हणजे क्लायंट, ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’ म्हणून अडून बसतं. अशा वेळी बरेच जण आधी नवी एसएसएच की (सर्व्हरला आपली ओळख पटवणारी फाइल) बनवायला घेतात. थांबा. टर्मिनलमध्ये चालते म्हणजे की धडधाकट आहे. क्लायंट ती वाचतच नाहीये.

विंडोजच्या एकाच मशिनवर बऱ्याचदा तीन एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारे प्रोग्रॅम) असतात: गिटच्या इन्स्टॉलरबरोबर आलेलं, विंडोजचं स्वतःचं आणि पुटीचं प्लिंक. पहिली दोन युजर फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच फोल्डरातून की उचलतात. प्लिंक तिकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला पुटीच्या स्वतःच्या धाटणीची पीपीके फाइल लागते आणि ती पेजंटमध्ये (पुटीचा की सांभाळणारा प्रोग्रॅम) चढवलेली असावी लागते. म्हणून पहिलं काम: क्लायंट यातलं कुठलं वापरतोय ते बघा. सोर्सट्रीत टूल्स, ऑप्शन्स, जनरल इथे एसएसएच क्लायंटची निवड दिसते. टॉर्टॉइजगिटमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्कखाली.

ऑफिसची तशी सक्ती नसेल तर सरळ ओपनएसएसएच (वरच्यातली पहिली दोन याच जातीची) निवडा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. प्लिंकच ठेवायचं असेल तर पुटीचं की बनवणारं पुटीजेन उघडा, कन्व्हर्जन्समधून की इम्पोर्ट करा आणि ‘सेव्ह प्रायव्हेट की’ने पीपीके बनवा. यात एक खोच आहे. पुटीजेन ०.७५पासून पीपीकेची आवृत्ती ३ बनवतं, आणि क्लायंटबरोबर आलेलं पेजंट त्याहून जुनं असेल तर त्याला ती फाइल उघडता येत नाही. सेव्ह करण्याआधी की मेन्यूतल्या पॅरामीटर्समध्ये आवृत्ती २ निवडा, किंवा पेजंट आणि प्लिंकच नवं घ्या. दुसरा पर्याय बरा, कारण ०.७५च्या आधीचं प्लिंक आरएसए प्रकारच्या कीने शा-१ या जुन्या पद्धतीचीच सही करतं आणि २ नोव्हेंबर २०२१नंतर गिटहबवर टाकलेल्या आरएसए कीसाठी अशी सही चालत नाही.

ओपनएसएसएच निवडूनही अडत असेल तर एजंट, म्हणजे की मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्रॅम, तपासा. विंडोजची एसएसएच-एजंट सर्व्हिस सहसा बंदच असते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती ऑटोमॅटिक करा, सुरू करा आणि एसएसएच-ॲड या आज्ञेने की चढवा. पण गिटबरोबर आलेल्या एसएसएचला हा एजंट दिसत नाही. गिट कॉन्फिगमध्ये ‘कोअर डॉट एसएसएचकमांड’ला सिस्टिम३२मधल्या ओपनएसएसएच फोल्डरातल्या एसएसएच डॉट ईएक्सईचा पूर्ण पत्ता द्या, तिरक्या रेघा पुढे झुकलेल्या ठेवून.

एरर न देता क्लायंट नुसता फिरत बसला, तर बहुतेक वेळा पहिल्या जोडणीचा ‘येस की नो’ हा प्रश्न पडद्याआड अडकलेला असतो. त्याच एसएसएचने टर्मिनलमधून एकदा जोडून, फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या कीची खूण) गिटहबच्या पानाशी ताडून ‘येस’ म्हणा. प्लिंकसाठी हेच पुटी उघडून करायचं.

तरीही उलगडा होत नसेल तर एसएसएच आज्ञेला डॅश-व्ही लावून चालवा. भल्यामोठ्या मजकुरात ‘ऑफरिंग पब्लिक की’ ही ओळ शोधा. पुढे फाइलचा पत्ता असतो. ओळच नाही म्हणजे की सापडली नाही. ओळ आहे पण त्यानंतर ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’ नाही, तर ती पब्लिक की खात्यावर चढलेलीच नाही. पुशच्या एररमध्ये ‘डिनाइड टू’ पुढे तुमचं दुसरंच खातं दिसलं, तर घरची की ऑफिसच्या रेपोला गेली. डॉट-एसएसएच फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या होस्टखाली आयडेंटिटीफाइलला योग्य की द्या आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहा. नोटपॅड फाइलच्या नावाला गुपचूप टीएक्सटी चिकटवतं, तेवढं बघा.

हिंजवडीतल्या ऑफिसात टाइमआउट आणि कोथरूडच्या घरच्या वायफायवर सुरळीत, असं असेल तर कीचा संबंधच नाही. बाहेर जाणारा २२ क्रमांकाचा पोर्ट फायरवॉलने बंद केलाय. मोबाइल हॉटस्पॉटवर एकदा चालवलं की खात्री पटते. आयटीवाल्यांची हरकत नसेल तर त्याच एसएसएच कॉन्फिगमध्ये गिटहब डॉट कॉमसाठी होस्टनेम ‘एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम’ आणि पोर्ट ४४३ द्या. प्लिंक ही फाइल वाचत नाही, त्याच्यासाठी हाच होस्ट आणि पोर्ट रिमोटच्या यूआरएलमध्ये घाला.